ओढू नका, वळा!

मैत्रिणींनो, कुणी तुमचं मनगट घट्ट धरलं तर तुम्ही काय कराल? हिसडा माराल ना? मीही तेच केलं होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षातले दिवस, संध्याकाळी लवकर अंधार पडायचा. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. शाळा सुटल्यावर भाजी घेतली आणि बसस्थानकावर येऊन उभी राहिले. एका हातात मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी, दुसऱ्या हातात पर्स. मागून कुणीतरी पर्सचा हात पकडला. वळून पाहिलं तर एक धडधाकट माणूस, तोंडाला दारूचा भपकारा. मी हात ओढला, त्यानं पकड आवळली. मी आणखी जोर केला, तर तो चक्क हसला. काचेच्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या. तेवढ्यात एक कंडक्टर ओरडत धावत आला, म्हणून त्यानं हात सोडला आणि गर्दीत दिसेनासा झाला. पर्स वाचली, मेथी मात्र सगळी पायदळी गेली.

घरी आल्यावर यांनी मनगट धुऊन मलम लावलं आणि विचारलं, “अगं, पण हिसडा मारून सुटली का नाहीस?” काळजीपोटीच विचारलं होतं, ते मला कळत होतं. तरी तो प्रश्न काचेपेक्षा जास्त बोचला. हिसडेच तर मारत होते! अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून. मग सुटले का नाही? त्या रात्री मला झोप नाही. आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा नववीतल्या लेकीचा विचार जास्त येत होता. ती तर माझ्याहून काडीपैलवान.

त्या प्रश्नाचं उत्तर मला जूनमध्ये मिळालं, तेही शाळेच्या सभागृहात, मुलींच्या देखत. नववी-दहावीच्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला होता आणि शिक्षिकांपैकी कुणीतरी हजर हवं म्हणून माझी नेमणूक झाली. (अर्धवेळ शिक्षिकेला असली कामं आपोआप येतात!) कराटे असेल, हुऽ हाऽ करत हवेत ठोसे मारतील, आपण निवांत वह्या तपासू, अशा हिशेबानं मी गठ्ठा घेऊनच गेले. पण ठोसा नाही, लाथ नाही. शिकवायला आलेल्या बाई पन्नाशीच्या, माझ्याहून चार बोटं बुटक्या. त्यांनी दहावीतल्या सगळ्यात थोराड मुलीला बोलावलं, हात पुढे केला आणि म्हणाल्या, “धर. अगदी घट्ट धर.” पोरीनं धरला. बाई नुसत्या वळल्या. वाड्याचं दार बिजागरीवर फिरावं तशा. ती मुलगी त्यांच्याभोवती अर्धी फेरी धावल्यासारखी गेली आणि अलगद गादीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर ‘मी इथं कशी आले?’ असा भाव. मुली खो खो हसल्या. माझी लाल शाईची पेन तशीच हातात राहिली.

या प्रकाराचं नाव आयकिदो. जपानी विद्या. ‘आय’ म्हणजे मेळ, ‘कि’ म्हणजे प्राण किंवा चैतन्य, आणि ‘दो’ म्हणजे मार्ग.

मग बाईंनी मलाच पुढे बोलावलं. माझं मनगट धरून म्हणाल्या, “आता सोडवा.” मी ओढलं. चेहरा लालबुंद होईपर्यंत ओढलं. काही उपयोग नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही सरळ रेषेत ओढताय. ही रस्सीखेच झाली. रस्सीखेचीत ज्याचं बळ जास्त तो जिंकतो. समोरचा तुमच्याहून ताकदवान आहे हे माहीत असताना त्याच्याशी रस्सीखेच कशाला खेळायची?”

बसस्थानकावर मी तेच केलं होतं. मी मागे ओढत होते, तो मागे ओढत होता, आणि आम्हा दोघांच्या मधल्या त्या सरळ रेषेवर त्याचं वजन माझ्या दीडपट होतं.

आता त्यांनी दाखवलं ते सांगते. समजा, समोरच्यानं आपल्या उजव्या हातानं माझं डावं मनगट धरलंय. पहिली गोष्ट, हात मागे ओढायचा नाही. हात आहे तिथंच राहू द्यायचा आणि आपण हाताकडे जायचं. कोपर अंगाशी आणायचं, म्हणजे धरलेलं मनगट आपल्या बेंबीसमोर येतं. दुसरी गोष्ट, डावा पाय पुढे टाकायचा, त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच जवळ जायचं! हे मनाला पटायला फार जड जातं. मला चार वेळा सांगावं लागलं. आणि तिसरी गोष्ट, त्या डाव्या पायाच्या चवड्यावर फिरायचं. उजवा पाय मागून अर्धवर्तुळ काढत येतो. झालं. आता आपण त्याच्या समोर नाही, शेजारी आहोत. तो ज्या दिशेला बघतोय त्याच दिशेला आपणही बघतोय. या वळण्याला ते ‘तेनकान’ म्हणतात आणि आत शिरण्याला ‘इरिमी’. इथं न थांबता तसंच वळत राहिलं की मनगट धरून बसलेल्याला आपल्याभोवती चालावं लागतं. आपण मधे, तो कडेला.

आणि पकड सोडवायचीच असेल, तर बाईंनी एक साधी खूण सांगितली. माणसाची मूठ कितीही घट्ट असो, अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तिथं ती कच्ची असते. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची आणि वळता वळता तिथून हात काढायचा. चार बोटांच्या बाजूनं ओढलं तर चौघांशी भांडण, अंगठ्याच्या बाजूनं काढलं तर एकट्याशी.

त्या दिवशी घरी आले ती अंगात वारं शिरल्यासारखी. चहा टाकायच्या आधीच लेकीला म्हटलं, “धर माझं मनगट.” सासूबाई पलंगावर वाती वळत बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दोन-तीनदा बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर फुगडीच की! जपान्यांनी काय वेगळं केलं?”

मी हसले. पण त्या हसत नव्हत्या. वाती बाजूला ठेवून नातीला म्हणाल्या, “ये इकडे.” हातांची कात्री घालून त्यांनी लेकीचे हात धरले. गिरक्या काही घेतल्या नाहीत, गुडघे कुठे साथ देतात! पण पाय जुळवून, मागे रेलून दाखवलं. “मंगळागौरीला आम्ही रात्र रात्र खेळायचो. नव्या मुलीला पहिलं हेच सांगायचं, हात सैल सोडू नकोस आणि कमरेत वाकू नकोस. हात सैल पडले की फुगडी मोडते. आणि एकीनं सोडलेच, तर दुसरी जाऊन थेट भिंतीवर.”

आमचे चिरंजीव दहावीत आहेत. एरवी घरातल्या बायकांच्या बोलण्यात लक्ष घालणं त्यांना कमीपणाचं वाटतं. पण हे ऐकून विज्ञानाचं पुस्तक घेऊनच आले. म्हणे, “आई, हे आम्हाला आहे. अभिकेंद्री बल.” मग त्यानं मला शिकवलं. (शिकवताना त्याचा आविर्भाव हुबेहूब आमच्या मुख्याध्यापकांसारखा होता.) फिरताना आपल्याला बाहेर फेकलं जातंय असं वाटतं. पण बाहेर फेकणारं तिथं कुणी नसतंच. आपलं अंग आपलं सरळ जायला बघत असतं, आणि समोरचीचे हात आपल्याला क्षणोक्षणी आत वळवत असतात. ती आतली ओढ आहे तोवर वर्तुळ आहे. ओढ सुटली की माणूस त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्या दिशेला सरळ निघून जातो.

वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये तेच होतं, तो म्हणाला. कपड्यांना डब्याची भिंत आत ढकलत राहते, म्हणून ते फिरतात. पाण्यासमोर जिथं भोक येतं तिथं आत ढकलायला भिंतच नसते, म्हणून पाणी सरळ निसटतं. इतकी वर्षं मी समजत होते, मशीन कपडे पिळतं!

मग आम्ही हिशेबच केला. पंचावन्न किलोची बाई, तिचं अंग वर्तुळाच्या मध्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर, आणि दीड सेकंदात एक गिरकी. वजन, अंतर आणि वेग घालून गणित मांडलं तर तिला आत ओढायला लागणारं बल येतं सुमारे ५८० न्यूटन. म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनापेक्षाही थोडं जास्त! आणि ते बहुतेक सगळं हातांतूनच यायचं. वेग दुप्पट केला तर बल चौपट लागतं. नऊवारीचा काचा मारून, पदर खोचून श्रावणात गिरक्या घेणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या एकमेकींच्या मनगटांवर अख्ख्या माणसाचं वजन तोलत होत्या. आणि आपण म्हणतो, बायकांच्या हातात बळ नसतं.

पण फुगडी आणि आयकिदो यांच्यात एक फरक आहे आणि तो मला कळायला दोन रविवार लागले. फुगडीत वर्तुळाचा मध्य दोघींच्या मधोमध असतो. एक जाड, एक बारीक असली तर मध्य जाडीच्या बाजूला सरकतो. ती थोडक्यात फिरते आणि बारकीला मोठा फेरा पडतो. मग माझ्यासारखीनं एखाद्या रेड्यासारख्या माणसाला फिरवायचं कसं? तो जड, म्हणजे मध्य त्याच्याकडेच जाणार! बाईंचं उत्तर असं: मध्य दोघांच्या मधे राहूच द्यायचा नाही. तो पाऊल टाकण्याच्या त्या एका क्षणात आपल्या पोटाशी घ्यायचा. आपण दोन पायांवर ताठ, वजन पावलांवर आणि फिरतोय जागच्या जागी. तो मात्र पुढे झुकलेला, एक हात लांबवलेला, पाय हाताच्या मागून धावताहेत. तोल त्याचा गेलाय, आपला नाही. वजनाचा प्रश्नच नंतर येतो.

म्हणूनच ते ‘हारा’ला एवढं महत्त्व देतात. हारा म्हणजे बेंबीखालचा पोटाचा भाग. हात तिथून लांब गेला की संपलं. तुम्ही म्हणाल, पोटाचा इथं काय संबंध? पाण्यानं भरलेली कळशी आपण कमरेवर घेतो, हात लांब करून कधी नेली आहे का? दहा पावलंसुद्धा नेता यायची नाही. वजन तेच असतं, फक्त अंगापासून दूर गेलेलं असतं. पकडलेलं मनगट म्हणजे ती कळशी समजा.

पुढच्या पाठात बाईंनी वर्तुळ लहान करून दाखवलं. जोडीदाराला भोवती फिरवता फिरवता त्याचं डोकं हलकेच आपल्या खांद्याशी आणायचं. वर्तुळ आत आत येतं, शंखाच्या वळ्यासारखं. जसजसं ते आवळतं तसतशी त्याची गिरकी जलद होते, आणि त्याच्या पायांना ते झेपत नाही. बर्फावर नाचणाऱ्या मुली हात पसरून गिरकी घेतात आणि मग छातीशी घेतात, तेव्हा त्या कशा भिंगरीसारख्या फिरतात, टीव्हीवर पाहिलं असेल. तेच हे. आतली ओढ इथं कामाला येते. वर्तुळ सैल सोडलं तर समोरच्याला पाऊल सावरायला वेळ मिळतो, आणि मग तो आपल्यालाच फिरवतो. माझ्या बाबतीत पहिल्यांदा तेच झालं. दहावीच्या मुलीनं मला गादीवर बसवलं आणि वर “सॉरी बाई” म्हणाली.

ही विद्या ज्यांनी उभी केली ते मोरिहेई उएशिबा १८८३ साली जपानातल्या तानाबे गावी जन्मले. अंगानं ठेंगणे, लहानपणी प्रकृतीनं अशक्त. त्यांनी जुन्या सामुराई परंपरेतल्या झटापटीच्या विद्या शिकून घेतल्या, विशेषतः सोकाकू ताकेदा या कडक गुरूकडे, आणि त्यातून आपली वेगळी वाट काढली. १९४२ सालापासून ती आयकिदो या नावानं ओळखली जाऊ लागली. १९६९ साली, पंचाऐंशी वर्षांचे होऊन ते गेले. उतारवयातली त्यांची चित्रफीत बाईंनी मोबाइलवर दाखवली. पांढरी दाढी, काटकुळं अंग, आणि भोवती तरणीबांड पोरं पाचोळ्यासारखी पडताहेत. १९३०च्या दशकात त्यांच्या तंत्रांचं एक पुस्तक तयार झालं, त्यातली चित्रं ताकाको कुनिगोशी या त्यांच्या तरुण शिष्येनं काढली होती. म्हणजे पहिल्यापासून तिथं मुली होत्या!

ज्यूदोतही वळण्याला महत्त्व आहे, आणि त्यातली एक हकिगत मला राहवत नाही म्हणून सांगते. केइको फुकुदा. जन्म १९१३. आजोबांनी ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांना त्यांच्या तरुणपणी जुजुत्सू शिकवलेलं, म्हणून कानो यांनी नातीला शिकायला बोलावलं. उंची पाच फुटांना एक इंच कमी, वजन पंचेचाळीस किलोसुद्धा नाही. आई आणि भाऊ तयार झाले, पण त्यांच्या मनात होतं की तिथंच एखादा ज्यूदोवाला नवरा मिळेल! तिनं लग्नच केलं नाही. १९५३ साली ती पाचव्या पायरीवर पोचली आणि तिथं अडकली. का? तर बायकांना पाचवीच्या वर चढवायचं नाही असा नियम. पुरुषांना शिकवण्याइतकी तयारी, पण पट्टा तोच. जवळजवळ वीस वर्षं! १९७२ साली तो नियम मोडला आणि तिला सहावी पायरी मिळाली. २०११ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्यूदो संघटनेनं तिला दहावी, म्हणजे सगळ्यात वरची पायरी दिली. ही पायरी गाठणारी ती पहिली बाई. २०१३ साली ती गेली. हे वाचून मी सासूबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “वीस वर्षं थांबली? मग तिचा गुडघा किती चांगला असेल!”

आता थोडं सावधगिरीचं. हा लेख वाचून कुणी बसस्थानकावर दारुड्यांना फिरवायला जाऊ नये. सतरंजीवरचा जोडीदार आपल्याला शिकता यावं म्हणून नीट धरतो, नीट पडतो. खरा माणूस दोन्ही हातांनी धरेल, केस धरेल, ढकलेल. त्याच्या हातात सुरी असली तर वळण्याबिळण्याचा विचारही करायचा नाही. बाई स्पष्ट सांगतात, “पर्स हवी असेल तर पर्स देऊन टाका. मंगळसूत्राच्या सोन्यापेक्षा गळा महाग आहे. आधी ओरडा, सुटला तर पळा, ११२ला फोन करा. वळणं आहे ते सुटून पळण्यापुरतं.” चार-सहा रविवारांत कुणी पटाईत होत नाही. मीही झालेले नाही. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गादीवर उतरायचं नाही. आणि पुस्तकात वाचून, घरच्या फरशीवर तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीनं शिकावी असं मला वाटतं, मारामारी शिको न शिको. पडायला शिकणं. ते लोक त्याला ‘उकेमी’ म्हणतात. आपण पडताना काय करतो? हात ताठ करून टेकतो. सगळं वजन त्या एका मनगटावर येतं आणि मोडतं. आमच्या शेजारच्या काकू न्हाणीघरात अशाच पडल्या, सहा आठवडे प्लॅस्टर. उकेमीत अंगाचंच चाक करायचं. हाताची करंगळीकडची कड, मग कोपरापर्यंतचा भाग, मग खांदा, तिथून तिरकं पाठीवरून पलीकडच्या कुल्ल्यापर्यंत, असं ओळीनं जमिनीला टेकत जायचं. धक्का एका जागी बसत नाही, वाटला जातो. डोकं कुठंच टेकत नाही, हनुवटी छातीशी. आम्हाला आधी बसूनच मागे लोळायला शिकवलं. साडीत जमत नाही, सलवार-कुडता हवा. पहिल्या दिवशी सभागृहात मुलींसमोर लोळण घेताना मला जी लाज वाटली, ती बसस्थानकावरही वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र मजा वाटायला लागली. लहानपणी गवताच्या गंजीवर लोळायचो, त्याची आठवण झाली.

हे आधी थट्टा करायचे. “आता घरात जपून राहायला हवं,” वगैरे. मागच्या रविवारी दुपारी चहा घेताना म्हणाले, “दाखव बघू तुझं ते.” आणि मनगट धरलं. चांगलं घट्ट. मी एक क्षण जुन्या सवयीनं हात मागे ओढायला गेले. मग थांबले. कोपर अंगाशी घेतलं, पाऊल त्यांच्या पावलाशेजारी टाकलं आणि वळले. हे फ्रिजपर्यंत जाऊन पोचले, दुसऱ्या हातातली कपबशी सांभाळत. चहा थोडा सांडला. काही वेळ कुणी बोललं नाही. मग तेच म्हणाले, “त्या दिवशी मी तुला उगाच विचारलं.”

पुढच्या रविवारपासून लेकही माझ्याबरोबर येणार आहे. पुढच्या बाजूला लोळून पडायला शिकवणार आहेत. सासूबाईंनी जुन्या नऊवारीचे पट्टे फाडून माझ्या गुडघ्यांसाठी घड्या करून ठेवल्या आहेत.